हवेला कुंपण नसते : बिनतारी जाळे आणि त्याची राखण

मंडळी, आजच्या विषयाकडे वळण्यापूर्वी तुम्हांला थोडे दूर, लंडन शहरातल्या एका सभागृहात घेऊन जातो. तारीख ४ जून १९०३. रॉयल इन्स्टिट्यूशन या नामांकित संस्थेत प्राध्यापक जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचे व्याख्यान चालू आहे. विषय आहे बिनतारी संदेश. व्याख्यानाच्या अखेरीस दूर कॉर्नवॉल परगण्यातून खुद्द मार्कोनीसाहेब तारेवाचून संदेश धाडणार आणि तो या सभागृहातल्या यंत्रावर उमटणार, असा बेत आहे. जमलेले लोक उत्सुक आहेत. आणि ठरलेल्या वेळेच्या अगोदरच एका यंत्रातून टकटक सुरू होते. बहुतेकांना त्यात काही विशेष वाटत नाही. पण फ्लेमिंग यांच्या साहाय्यकाचे कान मोर्सच्या लिपीला सरावलेले. तो ऐकतो तो काय, एकच शब्द पुनःपुन्हा येतो आहे : ‘उंदीर, उंदीर’! इंग्रजीत हा शब्द ‘सगळे थोतांड आहे’ अशा टवाळीच्या अर्थी वापरत. पाठोपाठ मार्कोनीची खिल्ली उडवणाऱ्या काही काव्यपंक्तीही आल्या.

हा खोडसाळपणा करणारा गृहस्थ होता नेव्हिल मॅस्केलीन. धंद्याने जादूगार, पण बिनतारी विद्येचा चांगला जाणकार. त्याने जवळूनच आपले छोटे यंत्र चालवून हा संदेश सभागृहात सोडला होता. त्याला हे सुचावे का? मार्कोनींनी जाहीरपणे सांगितले होते की, आपली यंत्रे अशी जुळवता येतात की तशीच न जुळवलेल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्राला आपले संदेश चोरून ऐकता येणार नाहीत. समुद्रातून तारा टाकणाऱ्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीला या बिनतारी विद्येची धास्ती वाटत होती. आपल्या मुंबईचा विलायतेशी संबंध १८७० साली जोडला गेला तो अशाच समुद्री तारेने. तिचे तिकडचे टोक कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो या गावी होते. त्या कंपनीच्या सांगण्यावरून मॅस्केलीनने तिथे उंच खांब उभारला आणि मार्कोनीचे संदेश बसल्या जागी ऐकून दाखवले. लंडनच्या सभेत त्याने पुढचे पाऊल टाकले : नुसते ऐकताच येते असे नव्हे, तर मध्ये घुसून बोलताही येते!

फ्लेमिंग रागावले, वर्तमानपत्रातून वादावादी झाली. पण त्या जादूगाराने एक गोष्ट कायमची शिकवून ठेवली. तार असली की संदेशाला वाट असते. तार तोडावी लागते, जोडावी लागते, त्यासाठी चोराला जागेवर यावे लागते. बिनतारी लहरीला वाट नसते. ती चहूकडे पसरते. हवेला कुंपण नसते. आज आपल्या घरात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या कचेरीत जो वायफायचा डबा लुकलुकतो आहे, त्याचा इतिहास म्हणजे या कुंपण नसलेल्या हवेत कुंपण घालण्याच्या खटपटीचाच इतिहास आहे. तो आज थोडक्यात पाहू.

लहरींचे हे पसरणे आपल्या देशालाही नवे नव्हते. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात भर सभेत भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती आणि दारूही पेटवून दाखवली होती. लहरीला भिंत अडवीत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १९२७ साली विलायतेशी थेट बिनतारी संदेशवहन सुरू झाले ते आपल्या पुण्याजवळून. संदेश धाडण्याचे केंद्र खडकीला आणि घेण्याचे दौंडला. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र चालवले, तेव्हा याच गुणाची दुसरी बाजू दिसली. लहर जनतेपर्यंत पोहोचत होती, तशीच ती पोलिसांपर्यंतही पोहोचत होती. म्हणून केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. अखेर नोव्हेंबरमध्ये ते पकडले गेलेच. लहर मित्र आणि शत्रू असा भेद करीत नाही.

आता घराघरातल्या वायफायकडे येऊ. गणकयंत्रे, म्हणजे आजच्या भाषेत काँप्युटर, एकमेकांशी बिनतारी बोलू लागले ते १९७१ साली, हवाई बेटांवर. तिथले विद्यापीठ वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेले, मधे समुद्र. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींनी बेटे जोडली आणि त्या जाळ्याला तिथल्या लोकांच्या नमस्काराचा शब्द दिला, ‘अलोहा’. अडचण अशी होती की लहर एकच आणि बोलणारे अनेक. ग्रामसभेत दोघे एकदम बोलले की कोणाचेच कळत नाही, तसे. त्यांनी सोपा नियम केला : दोघांचा गोंधळ झाला तर दोघांनीही गप्प बसायचे, प्रत्येकाने आपल्या मनाने थोडा वेळ थांबायचे आणि मग पुन्हा बोलायचे. आजच्या वायफायमध्ये नियम पुष्कळ सुधारले, पण थांबून, कानोसा घेऊन बोलण्याची ही शिस्त त्याच घराण्यातली.

दुसरी मोठी घटना १९८५ सालची. लहरींच्या पट्ट्या म्हणजे सरकारी मालमत्ता. परवान्यावाचून तिथे पाऊल टाकायचे नाही, हा जगभरचा रिवाज. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एके काळी घरात नुसता रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे. अमेरिकेच्या सरकारने त्या वर्षी काही पट्ट्या परवान्यावाचून संदेशवहनासाठी मोकळ्या केल्या. कोणत्या पट्ट्या? तर ज्यांत अन्न गरम करणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्या आणि अशीच इतर यंत्रे कुरकुर करीत असत, म्हणून ज्या कोणाला फारशा नको होत्या त्या. गावाच्या कडेची पडीक गायरान जमीनच म्हणा ना! त्या गायरानावर पुढे सारे जग नांदायला आले.

पहिले आले ते दुकानदार. नेदरलँड्समध्ये एन.सी.आर. ही गल्ल्याची यंत्रे करणारी कंपनी काम करीत होती. दुकानाची मांडणी बदलली की गल्ला हलवायचा आणि मग तारा पुन्हा ओढायच्या, हा त्रास वाचवण्यासाठी तिथल्या अभियंत्यांनी बिनतारी जोडणी तयार केली. पण प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळ्या भाषेत बोलू लागले तर उपयोग काय? म्हणून १९९० साली एक समिती बसली. तिचे अध्यक्ष होते त्याच कंपनीतले विक हेझ. सात वर्षांच्या चर्चेनंतर १९९७ साली ‘८०२.११’ या क्रमांकाचे प्रमाण जाहीर झाले. १९९९ साली त्याची वेगवान आवृत्ती आली, कंपन्यांचा संघ स्थापन झाला आणि त्या रुक्ष आकड्याला बाजारात चालेल असे नाव मिळाले : वायफाय. भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झची ही पट्टी जानेवारी २००५ मध्ये, शक्तीची मर्यादा घालून, विनापरवाना खुली केली. आणि मग हा डबा आपल्याकडे घरोघर येऊ लागला.

हा डबा करतो तरी काय? ज्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात तो म्हणजे पाटावरचे दार समजा. इंटरनेटचा पाट तारेतून तुमच्या घरापर्यंत येतो. तिथून पुढे वाफ्यावाफ्याला पाणी द्यावे तसे हा डबा मोबाइलला, काँप्युटरला लहरींतून देतो. तो गप्प बसत नाही. सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारतो : ‘मी अमुक, मी इथे आहे.’ ते नाव तुमच्या मोबाइलला ऐकू येते, तसेच शेजाऱ्याच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्याच्याही. म्हणून पुष्कळांना वाटते की नाव लपवले की झाले. पण त्याने राखण होत नाही. तुमचा मोबाइलच त्या जाळ्याशी जोडून घेताना ते नाव हवेत उच्चारतो. खरा आधार दोनच गोष्टींचा : आत येणाऱ्याची ओळख पटवणे आणि हवेतले बोलणे सांकेतिक करणे.

१९९७ च्या प्रमाणातच पहिले कुलूप दिलेले होते. त्याचे नाव ‘वेप’. नावाचा अर्थ असा की, तारेत जितकी गुप्तता असते तितकी इथेही मिळेल. बोलणे मोठे होते, कुलूप लहान निघाले. शिक्षकबंधू-भगिनींनो, त्यातली चूक शाळेतल्या बीजगणिताने समजते. मूळ मजकूर ‘अ’ समजा आणि त्यात मिसळलेले गुप्त अंक ‘क’. हवेत जाते ते अ + क. चोराला ‘क’ ठाऊक नाही, तोवर ‘अ’ सुरक्षित. पण दुसरा मजकूर ‘ब’ जर त्याच ‘क’मध्ये मिसळून पाठवला, तर चोर दोन्ही ऐकून वजाबाकी करतो. (अ + क) मधून (ब + क) वजा जाता उरले अ - ब. ‘क’ गळून पडला! आता दोन मजकुरांतला फरक हाती आला आणि एकाचा अंदाज करता आला की दुसरा आपोआप उघडा.

म्हणून दर खेपेला ‘क’ वेगळा हवा. वेपमध्ये तो बदलण्यासाठी एक अनुक्रमांक होता आणि त्याचे एकंदर प्रकार होते १,६७,७७,२१६. पावणेदोन कोटी ऐकायला मोठे वाटतात. पण गजबजलेल्या जाळ्यात इतकी पाकिटे काही तासांत निघून जातात आणि मग तेच आकडे पुन्हा येतात. शिवाय मूळ किल्लीही आखूड, ४० अंशांची. कारण मजबूत संकेतपद्धती देशाबाहेर पाठवण्यावर तेव्हा अमेरिकेत निर्बंध होते. २००१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील संशोधकांनी हे दोष उघड केले. त्याच वर्षी फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी दाखवून दिले की, पुरेशी पाकिटे नुसती ऐकत बसले तर मूळ किल्लीच हाती लागते. २००७ साली जर्मनीतल्या डार्मस्टाट येथील संशोधकांनी तर लांब किल्लीचे वेपही एका मिनिटाच्या आत उघडून दाखवले.

ज्यांनी हे ऐकले त्यांनी कुलूप बदलले. ज्यांनी ऐकले नाही त्यांची किंमत मोठी होती. अमेरिकेतल्या टी.जे.एक्स. या दुकानांच्या मोठ्या समूहाने जानेवारी २००७ मध्ये जाहीर केले की, आपल्या यंत्रांत चोर शिरले होते. निदान ४ कोटी ५७ लाख ग्राहकांच्या बँककार्डांचे आकडे चोरीला गेले. चोरांनी २००५ साली वाट काढली ती एका दुकानाच्या बाहेरून, वेपचे दुबळे कुलूप लावलेल्या वायफायमधून. दोष उघड होऊन तेव्हा चार वर्षे उलटली होती. बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय!

दरम्यान नवी कुलपे तयार झाली होती. २००३ साली ‘डब्ल्यूपीए’ आले. ती जुन्याच डब्यांवर चालेल अशी तात्पुरती डागडुजी होती. २००४ साली ‘डब्ल्यूपीए-२’ आले आणि मार्च २००६ पासून वायफायचे प्रमाणपत्र हवे असलेल्या प्रत्येक नव्या यंत्राला ते सक्तीचे झाले. त्याच्या पोटात जी संकेतपद्धती आहे तिची कहाणी सांगण्याजोगी आहे. ती बंद खोलीत ठरलेली नव्हे. अमेरिकेच्या प्रमाण-संस्थेने १९९७ साली जगाला आवाहन केले, पंधरा उमेदवार पद्धती चाचणीला उतरल्या, जगभरच्या गणितज्ञांनी त्या फोडण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी योआन दामेन व व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तरुणांची पद्धत निवडली गेली. २००१ साली ती ‘एईएस’ नावाने प्रमाण झाली. चारचौघांत ठोकून पाहिलेले कुलूप टिकते, याचा हा दाखला आहे.

पण कुलूप कितीही चांगले असो, ते लावले तरच उपयोगी. हे महाराष्ट्राला २००८ साली फार कटूपणे कळले. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोहोचला. तिथे एक परदेशी गृहस्थ राहत होते. त्यांचे वायफाय उघडे होते. दुसऱ्याच कोणी त्यातून तो मेल धाडला होता. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आलेले तसेच मेलही मुंबईतल्या दुसऱ्यांच्याच वायफायवरून पाठवलेले निघाले. त्यांतले एक ठिकाण तर महाविद्यालय होते. त्या गृहस्थांचा कटाशी संबंध आढळला नाही. पण क्षणभर स्वतःला त्यांच्या जागी ठेवून पाहा. दारात पोलीस, वर्तमानपत्रात नाव, चौकशीवर चौकशी. आणि अपराध काय, तर दाराला कडी घातली नव्हती एवढाच. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत शहरभर फिरू लागले आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने वायफायच्या राखणीविषयी सूचना काढल्या.

यावर कोणी म्हणेल, ‘आमच्या गावात कोण चोर येतो हो! आणि चोरण्यासारखे आहे तरी काय?’ खेड्यात आपण दार उघडे टाकून शेतावर जाणारी माणसे. शेजाऱ्यावर विश्वास टाकणे हा आपला गुण आहे आणि तो सोडा असे मी म्हणणार नाही. पण सानपाड्याच्या घरातून चोराने काही नेले नव्हते, हे ध्यानात घ्या. त्याने फक्त त्यांचा पत्ता वापरला. तुमच्या जाळ्यातून जे बाहेर जाते त्यावर तुमच्या घराचा शिक्का असतो. शाळेचे वायफाय असेल तर शाळेचा, पतपेढीचे असेल तर पतपेढीचा. मी एका शाळेत गेलो होतो. शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर ठळक अक्षरांत पासवर्ड लिहिलेला : एक ते आठ आकडे, ओळीने! हसू आले, पण त्याच जाळ्यावर मुलांचे दाखले, आधारचे क्रमांक आणि शिष्यवृत्तीची नोंद भरली जात होती, हे कळल्यावर हसू मावळले.

पासवर्ड या शब्दाला आपल्याकडे जुना आणि चांगला शब्द आहे : परवलीचा शब्द. रात्री गडाच्या दरवाजाशी पहारेकरी तो विचारी आणि तो ठाऊक नसेल तर आत प्रवेश नाही. डब्ल्यूपीए-२ च्या दारात फरक एवढाच की, तुमचा मोबाइल आणि डबा यांची पहिली सवालजबाबाची देवाणघेवाण चोराला टिपून घेता येते. मग तो घरी बसून एकेक शब्द लावून पाहतो. पहारेकऱ्याला पत्ताही लागत नाही. पुष्कळ लोक मोबाइलचा क्रमांकच परवलीचा शब्द म्हणून ठेवतात. आता हिशेब करा. आपल्याकडे क्रमांक दहा अंकी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. आजची चांगली यंत्रे सेकंदाला काही लाख शब्द तपासतात. पाच लाख धरले तर सगळे क्रमांक ८,००० सेकंदांत, म्हणजे सव्वादोन तासांत संपतात! २०२१ साली इस्राएलमधल्या तेल अवीव शहरात एका संशोधकाने पाच हजार वायफाय तपासली आणि त्यांतली साडेतीन हजारांहून अधिक उघडून दाखवली. तिथेही लोकांची मोबाइल क्रमांक ठेवण्याची सवयच बहुतांशी भोवली.

आणखी एक वाट होती. पासवर्ड टंकण्याचा त्रास नको म्हणून डब्यावर एका कळीची सोय आली, तिचे नाव ‘डब्ल्यूपीएस’. तिच्यासोबत आठ अंकी क्रमांक असे. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता. शेवटचा अंक ताळा पाहण्याचा, म्हणून खऱ्या एक कोटी. पण यंत्र पहिले चार अंक बरोबर आहेत की नाहीत हे आधीच सांगून टाकी. मग पहिल्या भागाला १०,००० आणि दुसऱ्याला १,००० अशा फक्त ११,००० खेपा पुरत. हा दोष २०११ च्या डिसेंबरमध्ये उजेडात आला. रायगडची हिरकणी आठवते ना? कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला गेलेली गवळण; सांजेला गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरच्या तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली, अशी कथा सांगतात. दरवाजे भक्कम होते, पहारा कडक होता. पण कड्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. महाराजांनी तिचा गौरव केला, आणि त्या जागी बुरूजही बांधला. उणीव दाखवणाऱ्यावर रागावायचे नाही आणि उणीव तशी ठेवायचीही नाही, हे दोन्ही धडे त्या कथेत आहेत.

डब्ल्यूपीए-२ मध्येही असा एक कडा २०१७ साली सापडला. बेल्जियममधल्या लूव्हेन येथील मॅथी व्हानहूफ या संशोधकाने दाखवले की, ओळख पटवण्याच्या देवाणघेवाणीत खोडा घालून जुनीच किल्ली पुन्हा वापरायला लावता येते. म्हणजे वेपच्या वेळचीच चूक, निराळ्या वेषात. कंपन्यांनी दुरुस्त्या काढल्या आणि ज्यांनी त्या आपल्या यंत्रांत घेतल्या ते सुरक्षित झाले. २०१८ साली ‘डब्ल्यूपीए-३’ आले. त्यात हवेतून टिपलेल्या देवाणघेवाणीवर घरी बसून शब्द लावत राहण्याची वाट बंद केली आहे. त्यातही पुढच्याच वर्षी काही उणिवा निघाल्या आणि त्याही बुजवल्या गेल्या. हे असेच चालायचे. कुलूप हे एकदा लावून विसरण्याचे काम नाही.

तेव्हा या इतिहासातून घरी काय न्यायचे ते सांगतो. डबा घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटामागे किंवा जाड दगडी भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला तर लहर अडखळते आणि खिडकीत ठेवला तर निम्मी रस्त्यावर जाते. डबा जोडल्यावर पहिले काम, कारखान्यातून आलेला त्याच्या कारभाराचा पासवर्ड बदलणे. हा वायफायच्या पासवर्डाहून निराळा असतो आणि पुष्कळ डब्यांना तो एकसारखाच असतो. नावात घरमालकाचे आडनाव किंवा घरक्रमांक घालू नका. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए-३ असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए-२ निवडा. वेप दिसले तर तो डबाच बदलण्याची वेळ आली असे समजा. परवलीचा शब्द लांब ठेवा : एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तरी पाठ राहतो आणि चोराला जड जातो. डब्ल्यूपीएस बंद ठेवा. डब्याची दुरुस्ती, जिला अपडेट म्हणतात, ती येईल तेव्हा घ्या.

पाहुण्यांसाठी बहुतेक डब्यांत वेगळे जाळे काढता येते. ओसरीवर बसवावे, माजघरात नको, इतका साधा तो विचार आहे. शाळेत मुलांचे जाळे आणि कचेरीचे जाळे असे वेगळे ठेवावे. शिक्षक बदलून गेले की पासवर्ड बदलावा आणि तशी नोंद वहीत करावी. एक मर्यादाही सांगून ठेवतो. हे कुलूप तुमच्या मोबाइलपासून डब्यापर्यंतच. पुढच्या प्रवासाला बँकेची आणि संकेतस्थळांची आपली वेगळी कुलपे असतात. म्हणून स्टँडवरच्या किंवा हॉटेलातल्या उघड्या वायफायवर, ते कोणी उभारले हे ठाऊक नसताना, पैशाचे व्यवहार करू नयेत हे बरे.

पाणी सोडले म्हणजे पीक आले असे शेतकरी कधी म्हणत नाही. रात्री-अपरात्री कंदील घेऊन दारे धरणारा माणूस जागा असावा लागतो. नाहीतर पाणी शेजाऱ्याच्या बांधात जाते आणि आपला वाफा कोरडा राहतो. घरात आलेल्या या नव्या पाटाचेही तसेच आहे. मॅस्केलीनने लंडनच्या सभेत जे दाखवले त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. यंत्रे बदलली, कुलपांची नावे बदलली, हवा मात्र तीच आहे, बिनकुंपणाची. आज घरी गेल्यावर एवढे करा : आपल्या वायफायचा परवलीचा शब्द आठवून पाहा. तो जर आठ आकड्यांचा, किंवा मोबाइलचा क्रमांक, किंवा मुलाचे नाव असेल, तर जेवणाआधी बदलून टाका. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले तर तो पाच मिनिटांत करून देईल; आणि का बदलायचा, हे त्याला तुम्ही सांगा.